गावात मनाच्या आजारांची पाहणी येणार आहे. ग्रामसभेत काय विचारायचं?

पराटीवाली
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागाचं पत्र आलं आहे. १८ ते २५ वयाची मुलं-मुली आणि ज्या घरात शेतकरी आत्महत्या झाली त्या घरातली माणसं, अशा दोन गटांची पाहणी त्यांना करायची आहे. घरोघर प्रश्नावली भरणार, काही जणांच्या लांब मुलाखती घेणार, सहा महिन्यांनी पुन्हा येणार. सरपंच लगेच सही करायला निघाले होते. मी म्हटलं, आधी ग्रामसभेत बोलू.

माझं मत आधीच सांगते. अशी पाहणी व्हायला हवी. आमच्याकडे आत्महत्या झाली की महसूलवाले येतात, पंचनामा होतो, प्रकरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरतं आणि फाईल बंद होते. मागे राहिलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही. आता कोणी विचारायला येत असेल तर दार लावून घेऊ नये.

पण गावात कुरकुर आहे. बचत गटातल्या बायका म्हणतात, आमचं दुःख लिहून नेतील, पुढे काय? एका आजीने विचारलं ते मला जास्त लागलं. "माह्या नातवाची खपली काढून विचारतीन, अन् रातच्याले तो रडत बसला तं कोन येईन?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांनी अशा पाहण्या केल्या आहेत, ज्यांच्या गावात त्या झाल्या आहेत, त्यांनी लिहा. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे.

वावरवाला_वाशीम
ताई, राग नका मानू. सोयाबीनले भाव नाई, कापसाले भाव नाई, बोंडअळीनं खाल्लं थे वेगळंच. पोट्टं उदास हाय तं त्याच्या डोक्यात काय शोधून रायले हे लोकं? बाजार समितीत जाऊन शोधा म्हना. मनाचा आजार म्हटलं का सरकार मोकळं होते. मालाले भाव द्या, पोट्टे आपोआप हासतीन.

संत्रा_वरूड
वावरवाला भाऊंना +१. कर्ज आहे म्हणून झोप नाही, आणि डॉक्टर म्हणतो झोपेची गोळी घे.

आशाताई_दर्यापूर
मी आशा स्वयंसेविका आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पात शेतकरी घरांना प्रश्न विचारायचं काम आम्हीच केलं, त्यामुळे घरात शिरल्यावर काय होतं ते माहीत आहे. पण हा अनुभव वेगळ्या, एका संस्थेच्या पाहणीचा आहे. प्रश्न विचारणारी मुलगी गोड स्वभावाची, शिकलेली. घरात गेलो तर सासू बसली, दीर दारात उभा, शेजारीण पोराला घेऊन आली. मग त्या सुनेला विचारलं, "जगून काही उपयोग नाही असं वाटतं का?" ती हसून म्हणाली, "नाही बाई, मी मजेत आहे." दुसऱ्या दिवशी हातपंपावर तिने मला जे सांगितलं ते ऐकून माझे पाय गळाले. कागदावर मात्र तिच्या नावापुढे शून्य गेलं.

म्हणून ताई, पहिला प्रश्न हा विचारा: विचारणार कुठे? घरात विचारणार असाल तर येऊच नका. अंगणवाडी दुपारनंतर रिकामी असते, शाळेची खोली मिळते. बाईला बाईनेच विचारावं, आणि ती बाई गावातली नसावी.

निंबोणी
आशाताई, त्या सुनेचं पुढे काय झालं?

आशाताई_दर्यापूर
निंबोणी ताई, तिला मी ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले, तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. आज बरी आहे, शिवण मशीन चालवते. पण हे पाहणीमुळे नाही झालं. हातपंपामुळे झालं.

समुपदेशक_वर्धा
मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करतो, पाहण्यांच्या चमूतही असतो. थोडं सविस्तर लिहितो.

अशा पाहण्यांत बहुतेक वेळा नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९ नावाची. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, असं विचारतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले की नैराश्य असण्याची शक्यता धरतात. नुसती शक्यता. तो चाळणीचा आकडा आहे, निदान नाही. निदान डॉक्टरने समोर बसून करायचं असतं. गावात 'याला बारा आले, त्याला पंधरा आले' अशी चर्चा सुरू झाली तर पाहणीने नुकसानच केलं म्हणा. म्हणून गुण कोणाला कळणार आणि कोणाला नाही, हे आधी विचारा.

आता नववा प्रश्न. तो मरणाच्या, स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल असतो. ताई, ग्रामसभेत एकच प्रश्न विचारायची वेळ मिळाली तर हा विचारा: नवव्या प्रश्नाला कोणी 'हो' म्हणालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला तुम्ही काय करणार? कोण थांबणार, कोणाला फोन लावणार, गाडी कोणाची, घरच्यांशी कोण बोलणार, घरातलं फवारणीचं औषध कोण बाहेर ठेवायला लावणार? हे लेखी तयार असलं पाहिजे. खूण करून पुढच्या घरी जाणारी पाहणी मला मान्य नाही, मग ती कितीही मोठ्या संस्थेची असो.

आजींची काळजी खरी आहे, पण एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. विचारल्याने तसा विचार मनात रुजत नाही. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या सहा हायस्कुलांतल्या २,३४२ मुलांवर हे तपासलं होतं. अर्ध्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, अर्ध्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही. जी मुलं आधीच खचलेली होती त्यांना उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. धोका विचारण्यात नसतो. विचारून पाठ फिरवण्यात असतो.

वावरवाला भाऊ, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. इंडोनेशियात सरकारने गरीब घरांना थेट रोख मदत दिली, त्यावरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला. ज्या भागांत पैसे पोचले तिथे आत्महत्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी घटलं. पाऊस बिघडला की आत्महत्या वाढत आणि मदत मिळाली की तो फटका कमी बसे, हेही त्यात दिसलं. म्हणजे पैशाचा मनाशी संबंध आहे हे मनाचा अभ्यास करणाऱ्यांनीच आकड्यात मांडलं. तुमच्या भावाच्या लढ्याला हा पुरावा उपयोगाचा आहे.

वावरवाला_वाशीम
समुपदेशक सर, हे पटलं. म्हनजे आमचं म्हननं कागदावर यावं असं वाटत असीन तं पाहनीले नाई म्हनून चालत नाई. पन मंग त्याच्यात कर्जाचा प्रश्न पाह्यजे. सावकाराचं किती, बँकेचं किती, माल कोन्या भावानं गेला. नुसतं झोप लागते का अन् भूक लागते का विचारून गेले तं आमचा मुद्दा गायब.

पराटीवाली
भाऊ, हा मुद्दा लिहून घेतला. हा मी स्वतः मांडणार.

भरती_करणारा
इतका वेळ वाचत होतो. माझं वय २३. तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलून रायले त्यांच्यातलाच मी.

बारावीनंतर पुण्याला गेलो, एमपीएससीसाठी. वडिलांनी बैलजोडी विकून पैसे दिले. दोन परीक्षा हुकल्या, एक पुढे ढकलली, मग घरून पैसे येणं थांबलं. परत आलो. आता पहाटे रस्त्यावर धावतो, पोलीस भरतीची तयारी. दिवसभर तालुक्याच्या अभ्यासिकेत. गावात आलो की प्रत्येक जण विचारतो, "काय मग, लागली का?" लग्नाचं तर बोलूच नका, शेती करणाऱ्याला मुलगी देत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या अभ्यासिकेतला एक जण मोबाईलवरच्या पैशाच्या खेळात बुडाला, घरी अजून माहीत नाही. रात्री अकरानंतर आमच्यात जे बोलणं होतं ते ऐकायला कोणी डॉक्टर येत नाही.

पाहणीवाले घरी आले आणि आई समोर बसली असेल तर मी सगळं ठीक आहे असंच सांगणार. मी बोललो की तिला वाटेल तिचे पैसे वाया गेले. अभ्यासिकेत आले, मोबाईलवर मला स्वतःला उत्तरं भरू दिली, तर खरं लिहीन. आणि माझ्या वयाचं कोणी असेल तर जास्त बोलेन.

निंबोणी
भरती_करणारा, तू हे इथे लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तुझ्या त्या मित्राला एकटं सोडू नका. आणि कोणालाही रात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

भरती_करणारा
धन्यवाद ताई. नंबर अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून टाकतो.

खर्रा_नको_चहा
माझ्या मते आमच्या चौकातल्या पानठेल्यासारखं समुपदेशन केंद्र अख्ख्या जिल्ह्यात नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटून होईपर्यंत ठेलेवाला तुमची सगळी विचारपूस करतो, आणि फी तेवढी खर्ऱ्याची.

डॉक्टर_पश्चिम_विदर्भ
खर्रा_नको_चहा, खर्रा सोडला तर बाकी तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ मोजकेच होते. हरारेत त्यांनी दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि त्या बाकावर बसून ऐकायला वस्तीतल्या आज्यांना शिकवलं. २०१६ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. बाकावर बसून बोललेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारातल्या लोकांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. गोव्यातही साध्या शिकलेल्या माणसांना सहा ते आठ भेटींचं समुपदेशन शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं, त्याचा निकाल २०१७ मध्ये आला आणि तोही चांगला होता.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखणं, बोलणं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवणं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार, नेमकं ४.३ टक्के, उपचाराला पोचत होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्के झालं. मरणाचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आहे. मराठीत याची चर्चा किती झाली? आपल्या मातीत झालेलं काम आपल्यालाच ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आमच्याकडे लोक आठ दिवसांत थांबवतात, कारण एसटीने पुन्हा तालुक्याला जाणं म्हणजे एक मजुरी बुडणं. पाहणीवाल्यांनी कोणाला उपचार सुचवले तर गोळ्या कुठे मिळणार आणि दुसऱ्या महिन्यात कोण देणार, हे विचाराच.

आकडेमोड
डॉक्टर, 'विश्राम'चं काम मोलाचं आहे, पण एक गोष्ट जोडतो. त्यात तुलनेसाठी दुसरी गावं नव्हती. आधी मोजलं आणि नंतर मोजलं. त्या दीड वर्षात पाऊस चांगला झाला असेल, भाव सुधारला असेल, तर त्याचा वाटा वेगळा काढता येत नाही. उपचाराला जाणारे सहापट झाले ते नुसत्या पावसाने होणार नाही हे मान्य. पण त्रास कमी झाला त्याचं श्रेय वाटताना जपून.

संशोधन का हवं, याचं एक उत्तर देतो. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यं घेतली, ३४,८०२ प्रौढांना भेटले. दर शंभरात दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांनी देशभर नाव झालेल्या विदर्भाचा आकडा त्यात नाहीच.

दुसरं. आपण सगळे शेतकऱ्यावर बोलतो. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्या आहेत आणि विद्यार्थ्यांच्या १३,०४४. आणि २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या पाहणीनुसार भारतात आत्महत्या करणाऱ्या पुरुषांतले ४० टक्के आणि स्त्रियांतले ५६ टक्के १५ ते २९ वयातले होते. आशाताईंनी सांगितलेली ती सून कुठल्याच 'शेतकरी आत्महत्या' यादीत कधी आली नसती.

निंबोणी
५६ टक्के... हा आकडा दोनदा वाचला.

मेळघाट_गुरुजी
धारणी तालुक्यात शिकवतो. दोन गोष्टी.

आमच्या कोरकू आदिवासी गावांतली तरुण मंडळी दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. वीटभट्टी, ऊसतोड, रस्त्याचं काम, जिथे मिळेल तिथे. होळीला परत येतात, कारण होळी हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. पाहणी जानेवारीत केली तर घरात म्हातारे आणि लेकरंच सापडतील. जो सगळ्यात अडचणीत आहे तो यादीतच येत नाही, आणि अहवालात लिहिलं जातं की तरुणांत प्रमाण कमी आढळलं. तुमच्याकडेही कापूस वेचणी आणि भरतीच्या तारखा बघून दिवस ठरवा.

दुसरं, दुभाष्या. बाहेरचे लोक आले की गावातला शिकलेला मुलगा दुभाष्या होतो. तो कोणाचा तरी भाऊ असतो, कोणाचा तरी दीर. त्याच्या तोंडून बाई आपलं मन सांगणार नाही. तुमच्या तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, असतील तर तिथे हाच प्रश्न येईल.

सत्यशोधक_अकोला
गुरुजी, आणि तुमच्याकडचे झाडफूक करणारे भगत-भूमका? माणूस तीन वर्षं तिथे फिरतो आणि मग दवाखान्यात येतो. आधी ती अंधश्रद्धा बंद करा, मग पाहणी करा.

मेळघाट_गुरुजी
सत्यशोधक भाऊ, जिथे मारहाण होते, चटके देतात, साखळीने बांधतात, तिथे मी स्वतः पोलिसांत गेलो आहे आणि पुन्हा जाईन. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. पण आमचा भूमका पहाटे चार वाजताही दारात येतो, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतो, घरच्यांना सांगतो की हिला दोन दिवस कामाला लावू नका. दवाखाना चाळीस किलोमीटर. त्याला शत्रू ठरवून उपयोग नाही. मी तर त्यालाच सांगून ठेवलं आहे, "दादा, तिसऱ्या दिवशी झोप आली नाही तर मला बोलव, गाडी मी आणतो." दोनदा त्याने बोलावलंही.

शाळामास्तर_चिखली
आकडेमोड, तुमच्या यादीत एक भर. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, २००५ साली, असं दिसलं की आयुष्यात ज्यांना मानसिक आजार होतो त्यांतल्या निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्यापर्यंत. मग १८ पासून विचारायला सुरुवात करणं म्हणजे उशीर नाही का? आमच्या नववीत बसलेली मुलं मी रोज पाहतो.

बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत एक प्रयोग झाला, निकाल २०१८ मध्ये आला. काही शाळांत कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकाने. समुपदेशकाच्या शाळांत मुलांचं नैराश्य, दादागिरी, मारामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. मी शिक्षक आहे आणि मला हे पटतं. मी मार्क देणारा, मीच ओरडणारा, माझ्याजवळ मुलगी घरचं कशी बोलेल?

समुपदेशक_वर्धा
मास्तर, वयाचा मुद्दा बरोबर आहे. पण १८ खालच्या मुलांना घेतलं की पालकांची संमती लागते, शिवाय मुलाचा स्वतःचा होकार. ज्या मुलाचा त्रासच घरातून आहे त्याच्यासाठी ती वाट अवघड होते. म्हणून पुष्कळ पाहण्या १८ वर थांबतात. ही सोय पाहणी करणाऱ्यांची झाली, मुलांची नाही, हे मान्य करतो.

कायदा_चंद्रपूर
मी वकील. तीन-चार मुद्दे आहेत.

सरपंचांची सही म्हणजे गावाची संमती नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत हे स्पष्ट आहे: समाजाची परवानगी घेतली तरी प्रत्येक माणसाची वेगळी संमती लागतेच. ती त्याला समजेल अशा भाषेत, लेखी माहिती देऊन. 'नाही' म्हणायचा हक्क, मधेच सोडायचा हक्क, आणि सोडलं म्हणून दवाखान्यातले उपचार अडणार नाहीत याची हमी. माहितीपत्रकावर संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा संपर्क छापलेला हवा. तो नसेल तर तिथेच थांबवा.

नाव आणि उत्तरं वेगळी ठेवतात का, हेही विचारा. छोट्या गावात नाव नसलं तरी 'अमुक गाव, विधवा, वय ३४, दोन एकर' एवढ्यावर ओळख पटते. गावाचं नाव अहवालात छापू नका असं लिहून घ्या.

आणि पोलिसांची भीती काढून टाका. लोक नवव्या प्रश्नाला खरं सांगत नाहीत त्याचं एक कारण ती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, असं ठरलं. मे २०१८ पासून ते लागू आहे. जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमही गेलं. त्या माणसाची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्याच ११५ मध्ये लिहिलं आहे.

थोरली_लेक
मी अशाच एका घरातली. बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते. शेती आजोबांच्या नावावर होती, म्हणून प्रकरण अपात्र. पत्रकार आले, आईला बाबांच्या फोटोजवळ बसवून फोटो काढले. पुढारी आले. मला प्रत्येकाने एकच सांगितलं, "तू मोठी आहेस, आईला सांभाळ." ती वाक्यं ऐकून ऐकून मी रडणंच बंद केलं. अभ्यास होईना, छातीत धडधडायचं, एसटीत बसले की घाम फुटायचा. सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, टॉनिक आणलं.

काही वर्षांनी एक मुलगी मुलाखतीला आली, तिच्या शिक्षणाचा भाग म्हणून. आम्ही शाळेच्या मागे लिंबाखाली बसलो. तिने आधीच सांगितलं की नको वाटेल तिथे थांबव, मी वही मिटवते. दोनदा मी थांबवलं आणि तिने खरंच वही मिटवली. 'तुला काय वाटलं' हा प्रश्न मला पहिल्यांदा तिने विचारला. छातीतली धडधड हा आजार असतो आणि त्याला उपचार आहे, हेही तिच्याकडूनच कळलं. मी आज नोकरी करते यात तिचा वाटा आहे.

पण ती परत आली नाही. आम्ही बारा-पंधरा घरांनी तिला जे सांगितलं त्यातून तिने काय काढलं, आम्हाला कधी कळलं नाही. याचा राग आहे मला, आजही. पराटीवाली ताई, लिहून घ्या त्यांच्याकडून की निष्कर्ष गावात येऊन, मराठीत, तोंडी सांगायचे. आमचंच आहे ते.

आशाताई_दर्यापूर
थोरली_लेक, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आई कशी आहे गं?

थोरली_लेक
बरी आहे ताई. दोन शेळ्या घेतल्या, त्यांच्यामागे दिवस जातो तिचा.

वावरवाला_वाशीम
पोरी, तुह्यावालं वाचलं. आमी भाव-भाव करतो थे खरंच हाय, पन मागं रायलेल्या लेकराकडं आमीही पाह्यलं नाई. पाहनी होऊ द्या. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी सोता हा विषय घेतो.

संत्रा_वरूड
यंदा मृगाचा बहार बरा आहे कोणाकडे? विषयांतर, माफ करा.

पराटीवाली
संत्रा_वरूड भाऊ, बहारासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येते.

मंडळी, ग्रामसभा झाली. चमूतले दोन डॉक्टर आणि एक सामाजिक कार्यकर्ती आल्या होत्या. तुमचे सगळे मुद्दे मी वहीत उतरवून नेले होते आणि एकेक विचारला. घरात प्रश्न विचारणार नाहीत, अंगणवाडीत आणि शाळेत विचारतील, मुलींना मुलीच विचारतील, यावर लगेच होकार आला. तरुणांना मोबाईलवर स्वतः उत्तरं भरता येतील. कापूस वेचणी संपल्यावर येतील. गावाचं नाव छापणार नाहीत. कर्जाचे प्रश्न त्यांच्या प्रश्नावलीत होते, पण सावकाराचं आणि विक्रीच्या भावाचं नव्हतं. वावरवाला भाऊंचं म्हणणं मी मांडलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले की जोडतो, त्यासाठी समितीची परवानगी पुन्हा घ्यावी लागेल, ती घेतो.

नवव्या प्रश्नावर बराच वेळ गेला. त्यांच्याकडे कागद तयार होता: त्या दिवशी सामाजिक कार्यकर्ती गावात मुक्कामाला राहणार, त्यांचा फोन रात्रीही चालू, गाडी चमूची. मी म्हटलं, पाहणीच्या दिवसांत ठीक आहे, ते उठून गेल्यावर? यावर त्यांच्याकडे पक्कं काही नव्हतं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कक्षाशी बोलून महिन्यातून एक दिवस आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी ठेवता येते का बघतो म्हणाले. मी म्हटलं, बघून लेखी आणा, सही त्यानंतर. काही जणांना माझं हे आडमुठेपण वाटलं. त्या आजी मात्र माझ्या बाजूने उभ्या राहिल्या.

निष्कर्ष गावात येऊन सांगण्याचं तोंडी मान्य झालं आहे. तेही पत्रात यावं म्हणून उद्या ग्रामपंचायतीकडून उत्तर पाठवते आहे.

समुपदेशक_वर्धा
ताई, सही रोखलीत ते योग्य केलं. महिन्याच्या तपासणीसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे ग्रामपंचायतीचा ठरावही पाठवा. डॉक्टरांच्या विनंतीपेक्षा गावाचा ठराव फाईलवर जास्त दिवस राहतो.

आकडेमोड
आणि सहा महिन्यांनी परत येतील तेव्हा पहिल्या वेळचे किती जण सापडले, किती गळले आणि का, हे सभेत सांगायला लावा. गळलेल्यांतच जास्त त्रासातले असतात.

भरती_करणारा
ताई, आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना मी तयार करतो. पाहणीवाल्यांना तिथे एक संध्याकाळ यायला सांगा. तो खेळात पैसे घालवलेला मित्र १४४१६ वर बोलला. आता घरी सांगायचं आहे, मी सोबत जाणार आहे.

मेळघाट_गुरुजी
पराटीवाली ताई, ते उत्तराचं पत्र तयार झालं की इथे टाकाल का? नावं काढून टाका. आमच्याकडे होळीनंतर असंच कोणी येणार असल्याचं ऐकतो आहे, आमच्या ग्रामसभेला दाखवीन.

पराटीवाली
नक्की टाकते गुरुजी. समुपदेशक सर, ठरावाचा मसुदा तुम्ही एकदा डोळ्याखालून घाला.

आशाताई_दर्यापूर
ताई, पत्र जायच्या आधी एक ओळ घाला. घरं दाखवायला, मुलींना बोलवायला, नंतर विचारपूस करायला ते गावातल्या आशालाच सांगणार. तिचं त्या दिवसाचं मानधन लिहून घ्या. आणि दिवसभर ते सगळं ऐकल्यावर ती स्वतः कोणाशी बोलणार, त्या माणसाचं नाव आणि फोनही.

पराटीवाली
घातली. दोन्ही मुद्दे.